पाहुण्याला काय सांगावे?

दिवाळीचे दिवस सरले, फराळाचे डबे तळाला लागले, की घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलांना सुट्टी आहे तोवर कोठे जाऊन यायचे? कोणी महाबळेश्वर म्हणतो, कोणी रायगड, कोणी थेट गोवा. यांपैकी कोठेही निघालात तरी मुंबईकडून येणारी वाट आमच्या दारावरून जाते. मी महाड-पोलादपूर भागातला. शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. शालान्त परीक्षेपलीकडे सांगण्यासारखे शिक्षण माझ्यापाशी नाही. पण रस्त्याच्या कडेला बसून एस.टी.ची वाट पाहण्यात आयुष्याचा बराच काळ गेल्यामुळे येणारे-जाणारे प्रवासी मी पुष्कळ पाहिले आहेत. तेव्हा 'सहलीला निघणाऱ्या कुटुंबांसाठी चार उपयोगी सूचना लिहा' असे संपादकांचे पत्र आले, त्या वेळी मी आनंदाने होकार दिला. सूचना लिहिणे हे काम सोपे आहे, असा माझा समज होता.

आणि पहिल्या काही सूचना सोप्या होत्याही. घाट उजेडी चढावा, उजेडी उतरावा. उतारावर खालच्या गिअरमध्ये गाडी चालवावी, नुसत्या ब्रेकच्या भरवशावर राहू नये. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. रायगडाच्या पायऱ्या चौदाशेच्या वर आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी १९९६ पासून चालू असलेल्या रोपवेने वर जाण्यात कमीपणा मानू नये, गड चढून आल्याचे पुण्य गुडघ्यांना कोणी वेगळे देत नाही. कार्तिकातले ऊन कोवळे समजून टोपीवाचून आणि पाण्यावाचून निघू नये. कड्याला आग्या मोहोळ लटकलेले दिसले, तर त्याच्या आसपास धूर, अत्तर आणि आरडाओरडा तिन्ही वर्ज्य. भातकापणीच्या दिवसांत बांधावरून उघड्या पायांनी चालू नये. फुरसे मातीच्या रंगाचे असते आणि पाय पडेपर्यंत दिसत नाही.

एवढे भराभर लिहून झाले आणि मी पाण्यापाशी आलो. लिहिले, 'वहाळाचे पाणी गढूळ होताना दिसले, तर क्षणाचाही विलंब न लावता काठावर यावे.' लिहिले आणि खोडले. पुन्हा लिहिले आणि पुन्हा खोडले. कारण हीच सूचना तोंडाने देण्याची वेळ एकदा माझ्यावर आली होती, आणि त्या वेळी मी गप्प बसलो होतो.

ती हकीकत सांगण्यापूर्वी आमच्याकडच्या पाण्याचा स्वभाव सांगितला पाहिजे. सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावते. ते पठार समुद्रसपाटीपासून साडेचार हजार फूट उंच, आणि तेथे वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पोलादपूर त्या डोंगराच्या पायथ्याशी. वरचे पाणी कड्यांवरून, घळींतून, शेकडो वहाळांतून थोड्याच वेळात खाली येते. महाडच्या बाजूला तर समुद्राच्या भरतीचे पाणी खाडीतून चढत येते. वरून पूर आणि खालून भरती एका वेळी आली, की नदीला जायला जागाच उरत नाही. म्हणजे असे होते, की तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असते, मुले गुडघाभर पाण्यात खिदळत असतात, आणि दोन डोंगरांपलीकडे पडून गेलेली सर तुमच्याकडे धावत निघालेली असते. तिच्या खुणा मात्र असतात. नितळ पाण्याला आधी ताकासारखा आणि मग चहासारखा रंग येतो. पाचोळा, काटक्या, शेणाच्या चिपाट्या वाहत येतात. मघापर्यंत कोरडा असलेला दगड ओला होतो. आणि तळाचे धोंडे एकमेकांवर घासू लागले, की दुरून गाडी येत असल्यासारखा आवाज येतो. तो आवाज ऐकू आला, की मग वेळ उरलेला नसतो.

२०१९ चा श्रावण. पोलादपूरच्या वरच्या अंगाला रस्त्याकाठी एक चहाची टपरी आहे, तिच्या मागून वहाळ जातो. मी एस.टी.साठी बसलो होतो. दोन मोटारी थांबल्या. दोन कुटुंबे होती. एक आजोबा, तीन-चार मुले. काकूंच्या टपरीवर त्यांनी कांदाभजी सांगितली आणि भजी तळून होईपर्यंत सगळी मंडळी पाण्यात उतरली. आजोबांनी धोतर खोचले आणि ते मधल्या एका सपाट खडकावर जाऊन बसले. नात त्यांच्या पायांवर पाणी उडवत होती. मला ते दृश्य फार आवडले. खिशातली वही काढून मी त्याचे रेखाटन करू लागलो.

रेखाटन करणारा माणूस रंग पाहतोच. पाण्याचा रंग बदललेला मला दिसला. आधी वाटले, मुलांनी तळ ढवळला असेल. मग पाचोळा आला. मी वही मिटली. उठावे, हाक मारावी, असे मनात आले. आणि त्याच वेळी आधीच्या वर्षीचा एक तरुण आठवला. त्याला मी असेच सांगायला गेलो होतो, तर तो सगळ्यांसमोर म्हणाला होता, "काका, पाणी तुमच्या वडिलांचं आहे का?" त्याचे मित्र हसले होते. काकूही मला एकदा म्हणाल्या होत्या, "मास्तर, तुम्ही गिऱ्हाइकाला भिववू नका हो. पावसाचे चार महिनेच माझा धंदा. पोरांची वह्यापुस्तकं त्यातनंच होतात." मी मनाशी म्हटले, मोठी माणसे आहेत, शिकलेली दिसतात, त्यांना कळतेच आहे. शिवाय पाणी कदाचित एवढेच वाढून थांबेलही. मी बसून राहिलो. असा किती वेळ गेला असेल? दोन मिनिटे, फार तर तीन.

मग तो आवाज आला. मुले आणि बायका ओरडत काठावर आल्या, आजोबा खडकावर राहिले. पाणी त्यांच्या कमरेला लागले तेव्हा वरच्या बांधावरून एक मुलगा धावत आला. गुरे राखत होता. आठवीतला, माझाच विद्यार्थी. त्याने गुराचे दावे आसाण्याच्या बुंध्याला अडकवले, दुसरे टोक कमरेला बांधले आणि तो आत गेला. आम्ही चौघांनी दावे ओढले. आजोबा बाहेर आले. हात मोडला होता आणि चष्मा गेला होता, बाकी काही नाही. परमेश्वराची कृपा, असे सगळे म्हणाले.

त्यांच्या सुनेने मला विचारले, "तुम्ही इथलेच ना? पाणी असं अचानक येतं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का?"

मी म्हणालो, "नाही हो. मीसुद्धा आत्ताच आलो."

माझ्यापुढे चहाचे दोन रिकामे पेले होते. आणि तो मुलगा, अंगावरून पाणी निथळत, माझ्याकडे पाहत उभा होता.

त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला आहे. परक्या गावात आलेल्या माणसाच्या जिवाची जबाबदारी कोणाची? त्याची स्वतःची, हे उत्तर अगदी खोटे नाही. सज्ञान माणसाला आपला जीव कोठे घालावा याचा अधिकार आहे. पाण्यात उतरण्यात सुख आहे आणि थोडा धोका पत्करल्यावाचून कोणतेच सुख मिळत नाही. दर पाऊसपाण्याला हात आडवा करणारा म्हातारा गावोगावी असतो आणि त्याचा सर्वांना कंटाळा असतो. मला तो म्हातारा व्हायचे नव्हते. पण नीट विचार केला, तेव्हा ध्यानात आले, की त्या आजोबांनी धोका पत्करला नव्हताच. पत्करायला तो आधी ठाऊक असावा लागतो. ते पत्करण्याजोगे जे काही होते, ते माझ्या खिशात होते आणि मी ते त्यांना दिले नव्हते. त्यांच्या स्वातंत्र्याचा मान राखला, असे मी म्हणत होतो; वस्तुतः मी राखला तो माझा मान. एका पोराने पूर्वी केलेल्या अपमानाची भरपाई मी एका म्हाताऱ्याकडून करून घेतली.

काकूंच्या धंद्याचे काय? तो मुद्दा मी हलका मानत नाही. जे शहरात राहून 'धबधबे बंद करा' असे लिहितात, त्यांनी एक पावसाळा त्या टपरीत काढावा. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्याच जुलैत आमच्याच जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातील कुंभे धबधब्यापाशी मुंबईची एक तरुणी दरीत कोसळून दगावली. असे काही घडले, की मनाई हुकूम निघतात, फलक लागतात. फलकाशी माझे भांडण नाही. मी स्वतः पाच-सहा रंगवून दिले आहेत. पण फलक लागला की सर्वांनाच हायसे वाटते, हे मला खटकते. ज्याने लावला त्याची जबाबदारी संपली, आणि ज्याने वाचला त्याला ते सगळीकडे वाचायची सवय झालेली. 'धोका' हा शब्द वाचून कोणी पाण्याबाहेर आलेला मी पाहिलेला नाही. 'तो दगड बघा, मघाशी कोरडा होता' असे म्हटल्यावर मात्र माणूस मागे वळून पाहतो.

माझा एक जुना विद्यार्थी प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात कामाला आहे. त्याचे जहाज वेस्ट इंडीजच्या बेटांना फेऱ्या मारते. आपल्याला ती बेटे क्रिकेटमुळे माहीत. त्याच्या बोलण्यातून ती निराळीच दिसतात. तेथील किनाऱ्यांवर मॅन्चिनील नावाचे एक झाड असते म्हणे. दिसायला सुरेख, गर्द सावलीचे, हिरव्या लहान सफरचंदासारखी फळे. फळ तोंडात घातले तर आधी गोड लागते आणि मग घसा जळत जातो. पाऊस आला म्हणून कोणी त्या झाडाखाली उभा राहिला, तर पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्याने अंगाला फोड येतात. म्हणून काही बेटांवर त्या झाडांच्या बुंध्यांना लाल रंगाचा पट्टा मारून ठेवतात. मला त्या झाडापेक्षा पट्टा मारणाऱ्याचे नवल वाटले. बेटावरच्या माणसाला त्या पट्ट्याची गरज काय? ते झाड त्याला लहानपणापासून ठाऊक. त्याने उन्हात उभे राहून रंग फासला तो अजून न आलेल्या माणसासाठी, ज्याचे नाव त्याला कधीच कळायचे नाही. कोणी म्हणेल, त्यात पाहुणचाराइतकाच व्यापारही आहे; भाजलेला प्रवासी पुन्हा येत नाही. असेना. कातडी वाचल्याशी कारण. काकूंच्या गल्ल्याचे आणि माझ्या जिभेचे भांडण आहे, असे मी समजत होतो; तेही मला तेव्हापासून तितकेसे खरे वाटत नाही.

परंतु याहून अवघड शंका पुढेच आहे. सांगणारा मी कोण? मला तरी काय ठाऊक आहे? महाड आणि पोलादपूर यांच्या मधला सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला. दोन एस.टी. गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. काही देह पार समुद्रकिनाऱ्यावर सापडले. त्या पुलावरून मी किती वेळा गेलो असेन, याची गणती नाही. त्याच्या कमानींची चित्रे मुलांकडून काढून घेतली आहेत. पुढच्याच वर्षी नवा पूल उभा राहिला. पण जुना जाणार, हे आम्हां रोजच्या माणसांना कळले नव्हते. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची मंडळी सहलीला महाबळेश्वरी निघाली होती. आंबेनळी घाटात त्यांची बस दरीत गेली आणि एकच माणूस वाचला. ती मंडळी कोठून परदेशातून आली नव्हती. कोकणातच राहणारी, पाऊस आणि घाट जन्मभर पाहिलेली होती. आणि तळिये? २२ जुलै २०२१ च्या संध्याकाळी डोंगर खाली आला तेव्हा ऐंशीहून अधिक माणसे आपापल्या घराच्या परिसरातच गाडली गेली. त्याआधी २००५ च्या जुलैत जुई, दासगाव या बाजूला दरडींनी शंभराहून अधिक बळी घेतले होते. आमचा डोंगर आम्हांला कळतो, असे छातीवर हात ठेवून सांगण्याची आमची प्राज्ञा नाही.

या शंकेत मी बरेच दिवस आसरा घेतला. जिथे जाणत्यांचेच असे झाले तिथे माझ्या एका शब्दाने काय होणार होते? पण हा आसरा गळका आहे. पूल पडणार हे मला ठाऊक नव्हते. पाण्याचा रंग बदलला, हे ठाऊक होते. न कळलेल्या गोष्टीसाठी माणसाला दुःख करता येते, जाब देता येत नाही. कळलेल्या गोष्टीचा मात्र जाब असतो, मग ती गोष्ट पाचोळ्याएवढी का असेना. त्या पुलाच्या रात्रीचीच गोष्ट घ्या. जवळच्या एका गॅरेजात काम करणाऱ्या माणसाला पुढे गेलेल्या गाडीचे दिवे एकाएकी नाहीसे झालेले दिसले. तो अंधारात, पावसात धावला आणि मागून येणाऱ्या गाड्या त्याने थांबवल्या. तो काही स्थापत्यशास्त्रज्ञ नव्हता. त्याने जे पाहिले तेवढे ओरडून सांगितले.

पाण्यापाशी माणूस माणसाशी कसा वागतो, हा प्रश्न महाडला नवा नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते याच गावात. मी दर वर्षी मुलांकडून त्या तळ्याचे चित्र काढून घेतो आणि समतेवर चार वाक्ये बोलतो. त्या श्रावणानंतरच्या मार्चात ती वाक्ये मला बोलता आली नाहीत. आठवीच्या वर्गातला तो मुलगा समोरच्या बाकावर होता. मुलांना कागद वाटून मी खिडकीपाशी उभा राहिलो.

तो मुलगा आता मोठा झाला. पोलादपुरात जीप चालवतो. गेल्या वर्षी मी धीर करून तो विषय काढला. म्हटले, "त्या दिवशी त्या बाईंशी मी खोटं बोललो, हे तुला कळलं होतं ना?"

"कळलं होतं, सर." थोडा वेळ तो काचेवरचे पाणी पुसत राहिला. मग म्हणाला, "त्याचं काय नाही. पण सर, मी वरच्या बांधावरनं पाणी तुमच्या आधी बघितलं होतं. हाक मारणार होतो. तेवढ्यात खाली तुम्ही दिसलात. म्हटलं, सर आहेत, त्यांनी सांगितलंच असेल. म्हणून मी गप्प राहिलो."

मला यावर काही सुचले नाही, अजूनही सुचलेले नाही. माझ्या गप्प बसण्याचा हिशेब मी आजवर माझ्या एकट्याच्या नावावर लिहीत होतो.

संपादकांच्या सूचना अपुऱ्या राहिल्या आहेत, त्या पुऱ्या करतो. पावसात निघालात तर वरंध आणि आंबेनळी हे घाट चालू आहेत की बंद, हे निघण्याआधी एस.टी.च्या आगारात विचारावे; फोनमधला नकाशा रस्ता दाखवतो, त्यावर रात्री पडलेली दरड दाखवीलच असे नाही. घाटात फोन कित्येकदा मुका होतो, म्हणून कोठे चाललो आणि कधी परतणार हे घरी आधीच सांगून ठेवावे. डोंगर कापून काढलेल्या भिंतीखाली फोटोसाठी गाडी उभी करू नये. शिवथरघळीच्या वाटेवर शेवाळ असते, तेथे गुळगुळीत तळाचे जोडे उपयोगी नाहीत. आणि पाण्यात उतरण्याआधी चहा घ्यावा. ही सूचना मी थट्टेने करत नाही. चहा प्यायला थांबलेला माणूस दोन शब्द बोलतो, विचारतो. आणि विचारणाऱ्याला उत्तर न देणारा माणूस आमच्याकडे अजून मी पाहिलेला नाही. न विचारणाऱ्याला आपण होऊन सांगणेच काय ते जड जाते.

टपरी अजून आहे. काकूंनी भज्यांच्या परातीशेजारी एक मोठा गोटा ठेवला आहे, आणि वहाळाकडे निघालेल्या मुलांच्या हातात तो देऊन त्या सांगतात, "हा पाण्याच्या कडेला ठेव, आणि बुडला की पळत ये, तुला एक भजं फुकट." मुले गोट्यावर डोळा ठेवून असतात. ही युक्ती त्यांना कोणी शिकवली नाही. माझ्या ती कधी डोक्यातही आली नसती.

यंदाच्या श्रावणात मी तेथे बसलो असताना एक मोटार थांबली. मी उठून गेलो आणि जे सांगायचे ते सांगितले. गाडी चालवणारे गृहस्थ म्हणाले, "काका, आम्ही दरवर्षी येतो."

"मी रोज असतो," मी म्हटले.

ते हसले, रागाने नव्हे. मुले पाण्यात गेली. माझी एस.टी. आली, कंडक्टरने ओळखीची हाक मारली, मी हात हलवून नाही म्हटले. मंडळी बाहेर येऊन केस पुसू लागेपर्यंत मी काठावरच्या दगडावर बसून राहिलो. पाणी त्या दिवशी आले नाही. पुढची गाडी साडेपाचला होती.